अंगठा उचलेपर्यंत

रोज सकाळी, गॅस पेटवायच्या आधी, मार्तंडकाका दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा काढून शुभाकाकूच्या हातात देत. म्हणत, "दाब." काकू तो अंगठ्याने आणि बोटाने दाबायची. चिमट्याचं तोंड किती उघडलं ते काका बघत, चिमटा परत दोरीला लावत, आणि मगच दूध तापत ठेवत.

काकूचे स्नायू वर्षभर हळूहळू दुबळे होत चालले होते. आधी पाय गेले, मग जीभ जड झाली. खुर्चीत बसणं सुटलं तसा भांडुपच्या त्यांच्या दोन खोल्यांतला तिचा कॉम्प्युटर बंद झाला, आणि तिचा खेळही. अकरा वर्षं ती त्या खेळात होडी चालवत होती. या बंदरातला माल त्या बंदरात न्यायचा, आणि वाटेत भेटणाऱ्यांशी टाइप करून गप्पा मारायच्या. घाटकोपरची वनमाला तिला तिथेच भेटली. काकूचं बोलणं आता फक्त काकांना कळे. तिथे मात्र ती कधी कुणापुढे अडखळली नव्हती.

खेळ बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. काही हौशी लोक तो चालू ठेवत, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. तो जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला होता, मोठ्या पडद्यासाठी आणि माउससाठी. काका मुलुंडच्या एका कंपनीत वीस वर्षं जावाच लिहीत होते.

"पडल्यापडल्या मोबाइलवर खेळशील," ते म्हणाले.

"कधी?"

त्यांनी लॅपटॉप उघडला.

हिशेब, नियम, बंदरं, सगळं मोबाइलवर तसंच चाललं. चित्र काढणारा भाग मात्र चालेना. तो मुळापासून लिहावा लागला. पहिल्यांदा खेळ सुरू झाला तेव्हा पडदा काळाच होता, आणि मागे लाटांचा आवाज. पाणी दिसायला तीन आठवडे लागले, होडी दिसायला आणखी दोन. तोवर चिमट्याचं तोंड निम्मंच उघडू लागलं होतं.

मोबाइलला माउसचं उजवं बटण नाही. काकांनी ठरवलं, बोट टेकवून लगेच उचललं की होडी पुढे जाईल; अर्धा सेकंद टेकवून ठेवलं की यादी उघडेल आणि उचललं की बोटाखालची ओळ निवडली जाईल. स्वतःच्या अंगठ्याने शंभरदा करून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

रविवारी त्यांनी फोन काकूच्या हातात दिला. तिला होडी फक्त पुढे न्यायची होती. अंगठा टेकला, यादी उघडली, आणि अंगठा तिथेच राहिला. निघाला तेव्हा त्याखाली ओळ होती, 'माल पाण्यात टाका.' दुसऱ्यांदाही तेच झालं.

वनमालाचा मजकूर उमटला. "शुभा, डोकं फिरलं का गं? मिरी समुद्रात?"

काकू हसली. "वाट लावलीस ना रे माझ्या मिरीची."

काका हसले नाहीत. ते तिच्या अंगठ्याकडे बघत होते. इतके महिने त्यांनी तिला रोज दाबायला सांगितलं होतं. उचलायला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी अर्ध्याचा एक सेकंद केला, आणि निवडायला वेगळा स्पर्श ठेवला. होडी बंदराबाहेर पडली. काकूने वनमालाला लिहिलं, "आले गं." त्या दिवशी ती दुपारभर झोपली नाही.

गुरुवारी यादी पुन्हा मध्येच उघडली. तिला न सांगता काकांनी एकाचा दीड केला. पुढच्या आठवड्यात दोन, मग अडीच. कोडच्या एका ओळीत तो आकडा होता. तो एकदाही खाली आला नाही. ऑफिसात कुठलीही फाइल उघडली तरी त्यांना तीच ओळ दिसे.

सकाळचा चिमटा चालूच राहिला. पण आता काका तोंड उघडताना बघत नसत, मिटताना बघत. मनात मोजत.

काल ते पाचपर्यंत गेले. चिमटा अजून तिच्या बोटांत उघडाच होता. गॅस पेटवलेला नव्हता.

"काय बघतोस?" काकूने विचारलं.

"काही नाही. थांब, दूध उतू जाईल."