उजव्या दारातलं गाणं

ज्या गाडीला रविवारी भंगारवाला बघायला येणार, तिला कुणी शुक्रवारी नवा स्टिरिओ बसवतं का? गल्लीतल्या कुणाही शहाण्यासुरत्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण भोंगाबाईंनी कुणाला विचारलं नव्हतं, आणि कुणी आपणहून सांगायला आलं असतं तर त्यांनी डावा कान पुढे केला असता. त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता.

भोंगाबाई हे नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं. स्वतःला कमी ऐकू येणारा माणूस सगळ्या जगाला बहिरं समजतो. बाई दवाखान्याच्या मागच्या दारात उभ्या राहून "चादरी!" म्हणाल्या की तिसऱ्या मजल्यावरची नर्स खिडकीत यायची. धंदाच तो होता त्यांचा. दवाखान्यांच्या नि लॉजच्या मळक्या चादरी गोळा करायच्या, धुलाईच्या कारखान्यात टाकायच्या, धुतलेले गठ्ठे ज्याचे त्याला पोचवायचे. गाडी स्वतःची. जुनी, चौकोनी, पत्र्याच्या डब्यासारखी व्हॅन, आणि तिचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, एका लोखंडी पेटीत. म्हणजे चालवणाऱ्याच्या डाव्या मांडीला चिकटून. इतकी वर्षं ते इंजिन बाईंच्या डाव्या कानाशी बडबडत राहिलं आणि शेवटी कानाने हात टेकले.

नवरा हा विषय बाई एका वाक्यात संपवायच्या. "तो गेला, गाडी राहिली." त्या राहिलेल्या गाडीवर मुलगी शिकली, विमा कंपनीत लागली, आणि विम्यातल्या माणसांचं जे होतं ते तिचंही झालं. जिन्यावर सांडलेलं पाणी दिसलं तरी तिला त्यात मोडलेला पाय दिसायचा.

तरी यावेळी मुलीचं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही. महिन्यापूर्वी दवाखान्याच्या मागे बाई गाडी रिव्हर्स घेत होत्या. एक वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन डाव्या बाजूने आला आणि ओरडला. बाईंनी ते ऐकलं, ब्रेक न लावता उजवीकडे मान वळवली, तिकडे कुणीच नाही म्हणून गाडी आणखी मागे घेतली. ढकलगाडी आडवी झाली, पोराचा घोटा सोलून निघाला. नशीब, तेवढ्यावर भागलं. मुलीने बाईंना हाताला धरून कान तपासायला नेलं. उजवा ठणठणीत, डावा शून्य. घरी येताना मुलगी रडली, आणि रडून झाल्यावर तिने निर्णय घेतला.

"रविवारी एक माणूस येईल, आई. गाडी बघून जाईल."

"कुठली गाडी?"

"आपल्याकडे दहा आहेत का?"

"मग मी काय करायचं?"

"घरी बस. आराम कर. खूप केलंस."

आराम! बाईंना तो शब्द शिवीसारखा लागला. रागाच्या भरात लोक भांडी आदळतात, जेवण सोडतात. बाई बाजारात गेल्या आणि गाडीचा स्टिरिओ घेऊन आल्या. समोर निळे दिवे लागणारा, सोबत दोन स्पीकर.

"भंगारवाल्याला गाणी ऐकवणार आहेस?" मुलीने विचारलं. "आणि एकच कान उरलाय, तोही गाण्यांना देणार?"

"माझा कान आहे. कुणाला द्यायचा ते मी बघेन."

"तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं."

"ती सोय राहिली नाही आता," बाई म्हणाल्या. "ऐकलेलं सगळं आतच राहतं माझ्या."

वायरिंगवाल्याने शुक्रवारी सकाळी काम केलं. भला माणूस, पण नियमाचा. त्या काळच्या गाडीच्या डॅशबोर्डला स्टिरिओची खाच कुठून असणार? त्याने पत्र्याची पट्टी वाकवून तो डॅशबोर्डच्या खाली टांगला. पिवळी वायर थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज. लाल वायर चावीच्या स्विचवर, म्हणजे चावी काढली की स्टिरिओ बंद. काळी बॉडीला, तिथला रंग खरवडून. मग डाव्या दारात डावा स्पीकर, उजव्यात उजवा. गाणं लावून त्याने अंगठा दाखवला आणि बाई गाडी घेऊन निघाल्या.

कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की गाणं अर्धंच ऐकू येतंय. गाण्यातली गायिका स्पष्ट होती. पण तिची ओळ संपली की पुढे नुसता खड्डा. तिला उत्तर देणारी बासरी डाव्या दारात वाजत होती, आणि डावं दार इंजिनाच्या पलीकडे, गेलेल्या कानाच्या बाजूला. बाई तशाच वळून परत आल्या.

"दोन्ही उजव्या दारात बसव."

"मावशी, असं नसतं. स्टिरिओ म्हणजे एक इकडे, एक तिकडे. दोन्ही एकाच दारात बसवले तर लोक मला वेड्यात काढतील."

"गाडी लोकांची आहे का?"

"काम माझं आहे ना पण. माझं नाव लागतं त्याला."

बाईंनी हात जोडले, त्याची मजुरी दिली आणि गाडी घरी आणली. दुपारी अंगणात स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, कटर नि काळी चिकटपट्टी घेऊन त्या स्वतःच मांडी घालून बसल्या. डोकं चालवलं. डाव्या स्पीकरची वायर पांढरी, उजव्याची राखाडी. दोन्ही गाणी एकाच जागी हवीत ना? मग दोन्ही वायरी एकत्र पिळायच्या आणि उजव्या स्पीकरला जोडायच्या. पाण्याचे दोन नळ एका पिंपात सोडतो तसंच. पिळल्या, चिकटपट्टी लावली, चावी फिरवली. दोन ओळी वाजल्या, बासरीसुद्धा आली. मग करपल्याचा वास आला आणि निळे दिवे विझले ते विझलेच. हात दाखवून अवलक्षण!

मुलगी संध्याकाळी ऑफिसातून आली. तिने करपलेला स्टिरिओ पाहिला आणि सरळ घरात निघून गेली. ते बाईंना फार लागलं.

शनिवारी बाई परत वायरिंगवाल्याच्या दारात. तो पोट धरून हसला. "मावशी, दोघांच्या वायरी एकमेकीत जोडल्या की आतली चिप जळते. एका स्पीकरला एकाचंच गाणं. हवं तर उजवीकडे दहा स्पीकर लावा, पण ज्याची वायर त्याला." त्याने कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या गाडीतला जुना स्टिरिओ काढून दिला. याला निळे दिवे नव्हते, एक बटण तुटलेलं होतं. "पण एक सांगा. एवढा हट्ट कशाला?"

बाईंनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. त्याला मात्र सांगून टाकलं, कदाचित तो हसून झाला होता म्हणून.

"एक कान गेला की आवाज कमी होतो असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं रे. आवाज कुठून येतो ते कळत नाही. मला सगळं जग उजवीकडूनच ऐकू येतं. मुलगी डावीकडून हाक मारते, मी उजवीकडे भिंतीशी बोलते. दुकानदार हसतात, मीही हसते. मग घरी येऊन मला रडू येतं. मला एक तरी आवाज असा पाहिजे, जो जिथून येतोय असं वाटतं तिथूनच येतो. गाणं उजवीकडून वाजतंय असं वाटावं, आणि ते खरंच उजवीकडे वाजत असावं. बस."

वायरिंगवाल्याने सामानाचा डबा उपसला. त्याने जाड रबरी नळीचा तुकडा शोधून दिला आणि दारातून वायर नेताना ती बिजागरीत चेंगरू नये म्हणून या नळीतून न्या, एवढंच सांगितलं. दार कापायला मात्र त्याने हात लावला नाही. नियम तो नियम.

बाईंनी दार स्वतः कापलं. पहिला स्पीकर होता तिथेच राहिला. दुसऱ्याला जागा मिळाली ती नेमकी काचेच्या वाटेत. त्याचं चुंबक आत एवढं शिरलं की काच अर्ध्यावर येऊन अडायची. बाईंनी काचेकडे कानाडोळा केला. पांढरी एकाला, राखाडी दुसऱ्याला. चावी फिरवली. गायिका गायली, बासरीने उत्तर दिलं, दोन्ही उजवीकडून. बाईंनी डोळे मिटून उजवीकडे हात नेला आणि स्पीकरच्या जाळीवर ठेवला. जाळी थरथरत होती. आवाज जिथे वाटला तिथेच सापडला.

रविवारी सकाळी भंगारवाला आला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, पत्र्यावर टिचक्या मारल्या. मुलगी कागदपत्रांची पिशवी घेऊन उभी.

"इकडे ये," बाई तिला म्हणाल्या. "डोळे मिट. डावा कान तळहाताने गच्च दाब. आणि मी कुठे आहे ते दाखव."

बाई डावीकडे गेल्या, टाळी वाजवली. मुलीने उजवीकडे बोट केलं. बाई मागे गेल्या, टाळी. बोट उजवीकडे. पुन्हा डावीकडे, अगदी हाताच्या अंतरावर. बोट उजवीकडे. मुलीने डोळे उघडले आणि शेजारी उभ्या आईकडे बघत राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"असं होतं तुला? सतत?"

"सतत."

"मग तर गाडी द्यायलाच पाहिजे, आई! तू कशी चालवतेस ही?"

"त्या पोराला धडक बसली कारण मी त्या दिवशी कानाचं ऐकलं. कानाने सांगितलं उजवीकडे बघ, मी बघितलं. आता मी त्याला विचारतच नाही. त्याने गाणी ऐकावी. गाडी डोळ्यांनी चालते." बाईंनी डावीकडच्या आरशाखाली तारेने बांधलेला दुसरा, गोल, फुगीर आरसा दाखवला. "तेव्हापासून मागे घेताना आधी उतरते, बघते, मग आरशावरची नजर हलवत नाही. तुझा विश्वास नसेल तर नसू दे. दवाखान्याला रविवार नसतो. चादरी थांबल्यात."

त्या उतरून मागे जाऊन बघून आल्या, सीटवर बसल्या, भंगारवाल्याच्या नाकावर टिच्चून गाणं मोठ्याने लावलं आणि गाडी अंगणातून मागे घेऊ लागल्या. डावा आरसा, उजवा आरसा, डावा आरसा. गोल आरशात कंपाउंडची भिंत, कुंडी, आणि एकाएकी मुलगी. ती डाव्या बाजूने चालत आली आणि थेट गाडीच्या वाटेत उभी राहिली. हात खाली, तोंड बंद.

ब्रेक इतका जोरात लागला की आतले गठ्ठे घसरून मागच्या दारावर आपटले. मुलगी आणि गाडी यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागा उरली होती. मुलगी उजव्या दाराशी आली. काच अर्धीच खाली गेली, बाईंनी तेवढ्यातून तोंड बाहेर काढलं.

"अक्कल गहाण टाकलीस का? मेली असतीस! हाक नाही मारायची?"

"मारली असती तर ऐकू आली असती?"

"आली असती. उजवीकडून!"

"म्हणून नाही मारली." मुलीने दाराला हात टेकला. "तरी थांबलीस."

बाईंना तिच्या गालावर एक ठेवून द्यावीशी वाटली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं, आणि अर्ध्या काचेतून दोन्ही जमणारं नव्हतं. गाणं चालूच होतं. मुलगी वळसा घालून गेली, डावं दार उघडलं, पेटीच्या पलीकडच्या सीटवर चढून बसली आणि कागदपत्रांची पिशवी पायाशी टाकली.

भंगारवाला डाव्या खिडकीशी येऊन काहीतरी विचारत होता. बाईंना त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.

"काय म्हणतोय तो?"

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही जा काका," ती म्हणाली, आणि मग आईला ऐकू जावं म्हणून इंजिनावरून वाकून, गल्ली दणाणेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "गाडी कामावर चाललीये!"