प्रत्येक घराला एक माठ

तुमच्या घरापासून वेफर्सचं पाकीट किती पावलांवर मिळतं, आणि पालकाची जुडी किती पावलांवर? एकदा चालून बघा. आमच्या उरणच्या वसाहतीत पाकीट गेटाला चिकटूनच होतं. पालक होता हमरस्त्याच्या पलीकडे, आणि त्या रस्त्यावर बंदराकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर असे शेपटीला शेपटी लावून चालतात की पलीकडे जाणाऱ्याने घरच्यांचा रीतसर निरोप घेऊन निघावं.

या अन्यायाविरुद्ध मी एक पत्रक काढलं. तेव्हापासून आईने मला घरात काहीही लिहायला बंदी केली आहे. तिच्यात वाणसामानाची यादीही आली.

माझं नाव क्रांती. (धाकट्या भावाचं नाव संघर्ष ठेवायचं ठरलं होतं. तो झालाच नाही, त्यामुळे त्याच्याही वाटणीचा संघर्ष माझ्याकडे आला.) आजोबा मिठागरात मीठ ओढायचे आणि उरलेल्या वेळात जमिनीच्या लढ्याची पत्रकं वाटायचे. आमच्या घरी पोळीखाली पत्रक, भांड्याखाली पत्रक, कपाटाच्या तळाशी पत्रक. मी अक्षरं शिकले तीच मुळी 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. शाळेत 'घ घराचा' आला तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, घर कोणाच्या नावावर आहे?

तर गोष्ट सुरू झाली बाबांच्या साखरेपासून. बाबा ट्रेलर चालवतात आणि त्यांचा सगळा आहार गाडीच्या केबिनमध्ये होतो. डॉक्टर म्हणाले, "रोज हिरवी पालेभाजी खा."

"खातो ना," बाबा म्हणाले. "वडापावसोबत मिरची असते की."

खरी गंमत अशी की भाजी आमच्याच घरची होती. आईच्या माहेरी, म्हणजे दिनामामाच्या गावात, एका विहिरीवर, मामाच्या जमिनीत, तिचा भाजीचा मळा आहे. माठ, भेंडी, शिराळी, वांगी. आई आणि राधामावशी ती भाजी रस्त्याच्या कडेला बसून विकायच्या. पुढे रस्ता रुंद झाला आणि कडाच नाहीशी झाली. विकायला जागा नाही तर पिकवायचं कुणासाठी? त्यात शेजारच्या एका कंटेनर यार्डाने दिनामामाकडे तोच मळा भाड्याने मागितला होता, रिकामे डबे ठेवायला.

मामा आईला म्हणाला, "ताई, तुला बसायला जागा मिळाली तर मळा तुझा. न्हाय मिळाली तर मी किती दिवस थांबू, सांग."

म्हणून आम्ही आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुर्वे साहेब यांच्याकडे गेलो. मागणी साधी होती: गेटाच्या आत, दोन स्कूटर मावतील एवढी जागा, रोज सकाळी दोन तास.

"लोक येणार नाहीत हो," सुर्वे साहेब म्हणाले. "आता सगळं मोबाइलवर मागवतात."

"आले तर?" मी विचारलं.

"आले तर बघू."

'बघू' या शब्दाने आमच्या तालुक्यात तीन पिढ्या गारद केल्या आहेत. मी कागद पुढे केला. "लेखी द्या."

सुर्वे साहेबांनी सुस्कारा सोडून लिहिलं: 'येत्या रविवारी सकाळी रांग लागल्यास जागा कायम देण्यात येईल.' सही केली, शिक्का मारला आणि मला चहासुद्धा विचारला नाही.

रविवारला पाच दिवस होते. आई म्हणाली, "पैल्या दिवशी घरटी एकेक जुडी फुकट देऊ. लाल माठ मायंदाळ झालाय. ज्याच्या तोंडाला चव लागंल तो दुसऱ्या दिवशी आपसूक येईल."

केवढी सोपी गोष्ट. हीच मी लिहिली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी पत्रकावर वाढलेली. पहिल्या परिच्छेदात मी साम्राज्यवादाचा समाचार घेतला. दुसऱ्यात अन्नसार्वभौमत्व आलं. 'भाजी' हा शब्द तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आला, तोही कंसात. तळाला ठळक अक्षरांत लिहायचं होतं: 'प्रत्येक घराला माठाची एक जुडी मोफत.' पण 'जुडी' मला फार मिळमिळीत वाटली. जुडीने कधी क्रांती झाली आहे का? मी ती काढून टाकली. उरलं ते असं:

प्रत्येक घराला एक माठ मोफत! रविवार, सकाळी सात. गेटाच्या आत.

छापायला दिलं दिनामामाकडेच. मामाचा छापखाना आहे, लग्नपत्रिकांचा. त्याने मजकूर फोनवर पाठवला, मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि कळवलं, 'उत्तम.' छापून आलेले गठ्ठे बाबांनी ट्रेलरमधून आणले आणि त्याच दमात, उघडूनही न बघता, मी ते अंधाऱ्या जिन्यांतून दारांच्या फटीत सरकवले. ही घाई मला आजोबांकडून आली. फरक एवढाच की त्यांच्या मागे पोलीस असायचे.

रविवारी सहाला मी गॅलरीतून खाली बघितलं आणि आईला हाक मारली. गेटापासून पाण्याच्या टाकीपर्यंत रांग, आणि टाकीला वळसा घालून पुन्हा रांग.

"आई, बघ. जनता जागी झाली."

आई पदराला हात पुसत आली. तिने जनतेकडे नीट बघितलं.

"व्हय. पण जनतेच्या हातात तिवया कशाला हायत गो?"

तिवई म्हणजे पाण्याचा माठ ठेवायचं तीन पायांचं स्टँड. आता मलाही दिसल्या. लोखंडी तिवया, लाकडी तिवया. एका बाईंच्या डोक्यावर चुंबळ. एकाने तर थेट हातगाडी आणली होती. मला वाटलं, भाजी न्यायला लोकांनी मिळेल ते आणलं असेल. किती हा उत्साह!

रांगेत पहिले होते सुर्वे साहेब. इस्त्रीचा शर्ट आणि काखेत तिवई.

"मिसेसने पाठवलं," ते जरा ओशाळून म्हणाले. "आमचा मागच्याच आठवड्यात फुटला. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर माठ दान करताय, फार पुण्याचं काम आहे. काळा आहे की लाल?"

'दान' हा शब्द मला सरंजामी वाटला, पण मी तो गिळला. (आणि 'फुटला' हा शब्द माझ्या डोक्यावरून गेला. क्रांतिकारकाचं लक्ष मोठ्या गोष्टींकडे असतं.)

"लाल," मी अभिमानाने म्हणाले. "मामाच्या मळ्यातला."

"मळ्यातच भट्टी आहे का?"

"भट्टी कसली? शेणखत."

"असं, असं. शेणात भाजतात तर."

"भाजत नाहीत, शेणावर वाढवतात."

सुर्वे साहेबांनी काखेतली तिवई थोडी घट्ट धरली.

रांगेच्या मध्यावर मला एक ओळखीची पाठ दिसली. बाबा. त्यांच्याही हातात तिवई, आमचीच.

"बाबा, तुम्ही इथे?"

"पत्रक आपल्या दाराखाली पण आलं ना," बाबा म्हणाले. "आणि प्रत्येक घराला म्हणजे आपलं पण घर आलं. मी रांग मोडणार न्हाय, तूच शिकवलंयस."

तेवढ्यात टेम्पो आला. आई आणि राधामावशी खाली बसल्या, दिनामामाने टोपल्या उतरवल्या. लालभडक, पाणी शिंपडलेला, पहाटे खुडलेला माठ. आईने पहिली जुडी सुर्वे साहेबांच्या हातात ठेवली.

सुर्वे साहेबांनी जुडीकडे बघितलं. टोपलीत बघितलं. मग वाकून टेम्पोच्या खाली बघितलं.

"आणि माठ?"

"ह्योच माठ," आई म्हणाली.

ही दोन वाक्यं रांगेच्या टोकापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला तेवढीच काय ती शांतता. मग एकच गलका उठला. भाजी? कसली भाजी? अहो, नळ कुठे आहे त्याला? फसवणूक आहे ही. मी एक क्रेट उलटा केला आणि त्यावर चढले.

"मित्रहो, प्रश्न मडक्याचा नाही..."

"मडक्याचाच आहे," मागून आवाज आला.

"प्रश्न आहे आपल्या ताटात काय येतं..."

"ताट आहे आमच्याकडे. माठ नाहीये."

"हे लिहिलंय कुणी?" हातगाडीवाल्याने विचारलं.

"माझ्या लेकीनं," आई शांतपणे म्हणाली.

"मग मावशी, तुमच्या घरात एक माठ हाय की. आमाला कशाला बोलावलंत?"

एवढी दाद माझ्या एकाही भाषणाला मिळालेली नव्हती. कुणीतरी पत्रक माझ्या नाकासमोर धरलं आणि मी ते प्रथमच छापलेलं बघितलं. वर गणपती. दोन्ही बाजूंना केळीचे खांब. मधोमध तोटीचा नळ लावलेला मोठा मातीचा माठ, त्यातून पाण्याची धार पडते आहे. आणि सगळ्यात खाली, साम्राज्यवादाच्या निषेधानंतर: 'कृपया आहेर आणू नये.'

"दिन्या," आई म्हणाली, "हे चित्र?"

"ताई, नुसत्या अक्षरांना शोभा न्हाय. माठ लिवलाय, म्हणून माठ घातला. चांगला नळवाला शोधला."

"वर भाजी लिवलीय की."

"मी छापतो, ताई. मी वाचीत न्हाय."

रांग ढिली पडायला लागली. हातगाडी वळली. सुर्वे साहेबांनी जुडी टोपलीत परत ठेवली. मामा भरलेल्या टोपल्यांकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, उद्या यार्डवाल्याला हो सांगतो मग." आई जुड्या नीट लावत होती, ते तिने थांबवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी क्रेटवरून उतरले. तो सुलटा करून टोपल्यांशेजारी ठेवला.

"अरे, ये तो चौलाई है."

पांडेभाभी. त्यांचे यजमान बाबांसोबत ट्रेलर चालवतात, आणि त्यांच्या गावी माठाला चौलाई म्हणतात. भाभींना मराठी वाचता येत नाही, त्या नुसतं चित्र बघून आल्या होत्या. त्यांनी सुर्वे साहेबांनी ठेवलेली जुडी उचलली, नाकाशी धरली आणि विचारलं, "दीदी, ये रोज मिलेगा? गाँव छोडने के बाद आज देख रही हूँ."

मग काठीचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरचे खोतकाका. गुडघ्यांमुळे ते हमरस्ता ओलांडू शकत नाहीत. आज मात्र माठ मिळणार म्हणून तीन जिने उतरून आले होते. त्यांनी एक देठ घेतला, नखाने दाबला. कट्कन मोडला.

"कोवळा आहे," ते म्हणाले. "बाई, देठांची भाजी वेगळी करायची. सुकट घालून."

"सुकट कशाला?" चुंबळवाल्या बाई परत फिरल्या. "लसणाची फोडणी पुरे."

"आणि तुरीची डाळ," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"डाळ घातली की माठाची चव गेली."

"थोडा गूळ..."

"गूळ? पालेभाजीत?"

झालं. मराठी माणूस फुकटच्या वस्तूसाठी रांगेत उभा राहतो, पण भाजीत गूळ घालावा की नाही या प्रश्नासाठी तो मुक्काम करतो. हातगाडी परत आली. गूळवाले एका बाजूला, सुकटवाले दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पक्ष आपलं म्हणणं सिद्ध करायला जुडी घेऊन घरी जायला उतावीळ. फुकटचा माठ संपला तशी लोकांनी विकत भेंडी मागितली, मग शिराळी, मग वांगी. मामा टेम्पोतून टोपल्या उतरवून उतरवून घामाघूम झाला. साडेआठला राधामावशीच्या पुढ्यात फक्त ओलं गोणपाट उरलं. ते कितीला, असंही एकाने विचारलं.

मी सुर्वे साहेबांसमोर कागद धरला.

"पण लोक मडक्यासाठी आले होते," ते म्हणाले.

"रांग लागल्यास, असं लिहिलंय. कशासाठी लागल्यास, ते लिहिलेलं नाही. सही तुमची. शिक्का तुमचा."

त्यांनी कागद दोनदा वाचला. त्यांची तिवई शेजारीच उभी होती आणि तिच्यावर माठाची जुडी, वर अर्धा किलो भेंडी.

"साहेब," आई म्हणाली, "उद्या शिराळी आणते."

सुर्वे साहेबांनी भेंडी सांभाळत तिवई उचलली.

"कोवळी आणा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ती जागा आमची आहे. मळा मळाच राहिला, यार्डाचे डबे दुसरीकडे गेले. खोतकाका रोज तीन जिने उतरतात आणि प्रत्येक वांगं दाबून बघितल्याशिवाय घेत नाहीत. बाबा डब्यात माठ नेतात, सुकट घालून. साखर उतरली असं ते सांगतात, डॉक्टर अजून तसं म्हणालेले नाहीत. आणि आमच्या इमारतीत सकाळी आठला जी फोडणीची चुरचुर ऐकू येते, तिच्यापुढे मला कुठलीही घोषणा फिकी वाटते. (हे आजोबांनी ऐकलं असतं तर माझं नाव बदललं असतं.)

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत, पार्किंग आणि रंगकामाचे विषय संपायच्या आत, उठून उभे राहा आणि तुमच्या भागातल्या भाजीवालीसाठी गेटाच्या आत दोन स्कूटरएवढी जागा मागा. नुसती मागू नका, मिळेपर्यंत खाली बसू नका. बोलताना शब्द कमी पडले तर मला कळवा. माझ्याकडे पुष्कळ पडून आहेत, आणि आईने ते घरात वापरू दिलेले नाहीत.