सुट्टी न मानवणाऱ्या बाया

आमच्या जिनिंगमध्ये नर्स येणार असं कळलं तेव्हा सगळ्यात जास्त मी हसलो होतो. मी काट्यावर बसायचो. कापसाच्या गाड्या तोलायच्या, पावती फाडायची आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. जिथे बायांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी धुवायला कुणाला सवड नाही, तिथे नर्स! पण शेठची रुई घेणाऱ्या कुण्या परदेशी कंपनीनं अट घातली होती, मजुरांच्या तब्येतीकडे पाहणारं माणूस हवं म्हणून. मग बारदान्याच्या खोलीला चुना मारला, बाहेर ‘आरोग्य कक्ष’ अशी पाटी ठोकली आणि फरहानाला आणून बसवलं.

फरहाना आर्णीचीच, इकबालभाई पिंजाऱ्याची थोरली. गावातल्या निम्म्या गाद्या इकबालभाईनं भरलेल्या. पोरीनं यवतमाळला नर्सिंग केलं, तिथेच एका खाजगी दवाखान्यात काही वर्षं काढली आणि बाप गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आली. ठेंगणी, सावळी आणि बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात तिनं टाकीतलं पाणी पेल्यात भरलं, शेठच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, “प्या.” टाकी त्याच दिवशी धुतली गेली. माझं हसणं तिथे थांबलं.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. सरकारची एकाधिकार खरेदी मोडीत निघाली होती, खाजगी जिनिंगं गवतासारखी उगवली होती आणि जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पाहणीसाठी रोज कुठली ना कुठली गाडी येत होती. पत्रकार, पुढारी, संस्थावाले, सगळे थेट गावात जायचे, फोटो काढायचे, डोळे पुसायचे आणि आमच्या गेटसमोरून धूळ उडवत परत जायचे. आत शंभरेक बाया नाकातोंडात रुई घेऊन उभ्या आहेत हे एकानंही कधी उतरून पाहिलं नाही. बाया त्याच घरांतल्या होत्या. घरचा कापूस मातीमोल भावानं काट्यावर यायचा आणि त्याच घरची बाई तो साफ करायला मजुरीनं यायची.

गंगी त्यातलीच. माहेर मारेगावकडचं, आर्णीजवळच्या, जिनिंगला लागूनच्या खेड्यात दिलेली. पन्नाशीची, काटक आणि तोंडाळ. दसऱ्याला जिनिंग सुरू झालं की ती हजर आणि वैशाखात बंद पडेपर्यंत तिचा खाडा नाही. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. दाराकडून पहिला रेचा गंगीचा, आणि तिथे दुसरी बाई उभी राहिली की ती मुकादमालाही सोडायची नाही. मुकादम रूपसिंग, मिशीवाला गडी, पण गंगीसमोर त्याची मिशी खाली यायची.

शेठचं आरोग्य खातं म्हणजे आतापर्यंत गुळाची भेली होती. काम सुटलं की प्रत्येक बाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं घशातली धूळ खाली उतरते, असं शेठ म्हणायचे आणि बायाही तेच म्हणायच्या. फरहाना आल्यावर गूळ वाटायचं काम तिच्याकडे आलं. ती एका हातानं गूळ द्यायची आणि दुसऱ्या हातानं बाईच्या पाठीला नळी लावायची. “श्वास घे. सोड. अजून घे.” बाया हसायच्या. पण कुणाच्या बोटाची जखम, कुणाचं अंगावरून जाणं, कुणाच्या नवऱ्याचा मार, हळूहळू सगळं त्या खोलीत यायला लागलं. तान्ही लेकरं रुईच्या ढिगावर झोपायची, त्यांच्यासाठी तिनं शेठच्या मागे लागून बाहेर पत्र्याची पडवी करून घेतली. एवढं सगळं एका बाईनं एका हंगामात केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि त्याच हंगामात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आमची सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खोलीसमोर रांग लागायची. छाती आवळते, दम लागतो, अंग मोडून येतं. त्याच्या पुढच्या दिवशी रांग अर्धी आणि पुढे पुढे कुणी नाही. पुन्हा बाजार, पुन्हा रांग. महिन्याला एकदा येणारे डॉक्टर म्हणाले, बाजाराच्या दिवशी दारू पिणं बंद करायला सांगा. फरहाना म्हणाली, “डॉक्टरसाब, बाया आहेत त्या.” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले.

“माझ्या बापाचं असंच होतं,” ती एकदा चहा पिता पिता मला म्हणाली. “शुक्रवारी काम बंद ठेवायचा अन् शनिवारी पिंजण धरलं की छाती धरायचा. अम्मी म्हणायची, जुम्म्याची सुट्टी याले मानवत नाही. मग नमाज झाली की शुक्रवारीही पिंजायले बसायला लागला. शनिवारचं दुखणं गेलं. आम्ही खूश झालो.” पुढचं तिनं सांगितलं नाही. इकबालभाई शेवटी उशीला टेकून बसूनच झोपायचा, पायरी चढता येत नव्हती, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

तिला काय हवं होतं ते सरळ होतं. जिची छाती आवळते तिला रेच्यावरून काढून बाहेर सरकीच्या अंगणात काम द्यायचं, तेवढ्याच मजुरीत. आत पाणी शिंपडायचं, धूळ ओढणारा मोठा पंखा बसवायचा. आणि बाजाराची सुट्टी कुणी मोडायची नाही. पहिलं नाव तिनं गंगीचं काढलं होतं. “मावशीची छाती आत्ता काढली तर वाचते,” असं ती मला म्हणाली. “अजून दोन हंगाम तिथे उभी राहिली तर माझ्या हातात काही नाही.”

शेठ काही राक्षस नव्हते. राक्षस असते तर बरं झालं असतं, माणूस सावध तरी राहतो. त्यांनी फरहानाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि बायांनाच ऑफिससमोर बोलावलं.

“सिस्टर, त्रास कधी होतो म्हणता?”

“सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी.”

“रोज काम केलं तर?”

“तेव्हा जाणवत नाही. पण शेठजी...”

“म्हणजे काम सुरू असलं की बायांना बरं वाटतं आणि सुट्टी घेतली की बिघडतं. तुम्हीच सांगता आहात.”

 फरहाना बायांकडे वळली. “असं नाही व माय! मिर्ची कांडताना आधी ठसका लागते, मंग लागत नाही. म्हणून का मिर्ची गोड झाली? सुट्टीत छाती जराशी सुधरते, म्हणून दुसऱ्या दिवशी धूळ लागली का बोंबलते. बोंबलते हे चांगलं हाये.”

पहिल्या रांगेतून गंगी बोलली, आणि तिच्या मनात कपट नव्हतं. “सिस्टरबाई, मले तं हेच वाटे इतक्या वर्षांपासून. घरी राह्यलं का छाती ढिली पडते, कामाची सवय मोडते. रेच्यावर आली का दोन दिवसांत मोकळी. सुट्टीच नाही मानवत आमाले.”

“मावशी, तुले अंगणात काम द्या म्हणते ना मी!”

“अंगणात कायले? मी काय लंगडी हाओ? अन् ठसका नाही लागत तेच बरं ना व? ठसका कोनाले पायजे?”

बाया हसल्या. सुट्टी गेली तर त्या दिवसाची मजुरी मिळणार होती, हेही होतं. ज्या घरात तेल बाटलीतून थेंबानं येतं तिथे एक दिवसाची जास्त मजुरी म्हणजे काय, हे फरहानाला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर तिला बायांवर रागावताही येईना. शेठनं तिथल्या तिथे जाहीर केलं की मजुरांच्या आरोग्याचा विचार करून बाजाराची सुट्टी बंद. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं. ज्याला बाजार करायचा त्यानं संध्याकाळी जावं. टाळ्या पडल्या.

त्यानंतर रांग खरंच संपली. बाजाराचा दुसरा दिवस हा दिवसच उरला नाही तर रांग कुठून लागणार! परदेशी कंपनीची माणसं आली, चुना मारलेली खोली पाहिली, आजाऱ्यांचा आकडा कसा उतरला ते पाहिलं, आणि शेठनं सगळ्यांसमोर फरहानाला नारळ आणि साडी दिली. तिनं ती घेतली, काय करणार? ती साडी तिनं कधी नेसलेली मी पाहिली नाही.

तिनं हातपाय गाळले नाहीत. कारखान्यांच्या सरकारी तपासनिसाला अर्ज केला, उत्तर नाही. बायांना ओली फडकी बांधायला दिली, गुदमरतं म्हणून त्यांनी ती कमरेला खोचली. रूपसिंगला हाताशी धरून ती गंगीला कधीमधी अंगणात पाठवायची. गंगी तासाभरात परत रेच्यावर. “माही जागा जाईन,” म्हणायची. वैशाखापर्यंत ती विहिरीवरून घागर आणताना मध्ये दोनदा बसायला लागली.

जिनिंग बंद झालं. पावसाळ्यात फरहाना गंगीच्या घरी जात राहिली. गंगी आता रात्री आडवी होत नव्हती. चुलीजवळ टेकून बसायची आणि फरहाना आली की तिचं एकच विचारणं असायचं, “जिनिंग कवा सुरू होते व? एवढी मोठी सुट्टी पडली, म्हणून हे झालं. सुरू झालं का बरं वाटन मले.” घरची माणसं मान डोलवायची. फरहाना तिला औषध द्यायची, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातही घेऊन गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा. गंगी घरी आल्यावर म्हणाली, “त्याले काय कळते? तो कवा रेच्यावर उभा राह्यला?”

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. गंगी सुनेच्या, निकिताच्या खांद्यावर हात टाकून गेटवर आली. चार पावलं चालायची आणि थांबायची. रूपसिंगची छाती झाली नाही तिला परत पाठवायची. त्यानं फरहानाला बोलावलं. “सिस्टर, हिले घ्याचं का?”

माझा काटा गेटला लागूनच. मी पाहत होतो. गंगीच्या डोळ्यांत अशी आशा होती की कुणाच्याही तोंडून हो निघालं असतं. माझ्या तर नक्की निघालं असतं.

“नाही,” फरहाना म्हणाली.

गंगीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “मी गंगी हाओ ना व.”

“मावशी, आत गेली तं मरशील तू.”

“बाहेर राहून मरून राह्यली ते दिसत नाही तुले? तुले पोरीवानी मानलं मी, अन् तू माह्या औषधाच्या आड येते?” एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. मग निकितानं तिला नेलं.

फरहानानं शेठकडे जाऊन गंगीसाठी बसून करायचं काम मागितलं. शेठ म्हणाले, “तुम्हीच तर तिला नापास केलं, सिस्टर.”

आणि मग ती शेडमागची गोष्ट. रेच्यांच्या हॉलमधला फुफाटा बाहेर टाकणारा एक पाइप मागच्या भिंतीतून निघतो. तिथली बाभूळसुद्धा पांढरी झालेली. सरकीच्या अंगणातल्या उकंडा नावाच्या हमालानं येऊन सांगितलं, की गंगी रोज दुपारी कुंपणाच्या फटीतून येते आणि त्या पाइपाखाली बसते. फरहाना धावली, तिच्या मागे मी. गंगी खरंच तिथे बसलेली होती, पदर खांद्यावर टाकून, तोंड वर करून, डोळे मिटून. केस, भुवया, पापण्या सगळं रुईनं भरलं होतं. ती जमेल तेवढा मोठा श्वास घेत होती आणि तो अर्ध्यातच तुटत होता.

फरहानानं तिला दोन्ही हातांनी ओढलं. गंगी भिंत सोडेना. “मजुरी नको देऊ,” ती म्हणाली, “हवा तं घेऊ दे!”

फरहाना तिथेच मातीत बसली आणि रडली.  शेवटी मी आणि उकंडानं गंगीला उचलून घरी पोचवलं. आमच्या अंगावर तिचं वजन जाणवलंच नाही. दुसऱ्या दिवशी फरहानानं कुंपण तारेनं बांधून घेतलं.

गंगी पौषात गेली. फरहाना माती द्यायला गेली तर बायांनी तिला जागा करून दिली नाही. गंगीचा नवरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सिस्टरनं कामावर घेतलं असतं तं जगली असती.” कुणी त्याला अडवलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर फरहानानंच माझा हात दाबला.

तेरवी झाली आणि निकिता गेटवर आली. घरात कमावणारं कुणी हवं होतं आणि सासूची जागा रिकामी होती. रूपसिंगनं पुन्हा फरहानाला बोलावलं. गंगीपासून शेठनं नियमच केला होता, सिस्टर पास करतील तीच आत.

फरहानानं तिला माझ्या काट्याजवळच्या बाकावर बसवलं आणि पाठीला नळी लावली. डावीकडे लावली, उजवीकडे लावली, खाली लावली, परत वर लावली. “श्वास घे. सोड. अजून घे.” एवढा वेळ तिनं कुणालाच तपासलं नव्हतं. तिला काहीतरी सापडायला हवं होतं, आणि देवाशपथ सांगतो, मलाही तेच हवं होतं.

निकिताची छाती अगदी साफ होती.

“घ्या,” फरहाना म्हणाली. रूपसिंगनं निकिताला आत नेलं आणि दाराकडून पहिल्या रेच्यावर उभं केलं.