बटण नसलेला दिवा

सिटीवेस्टच्या ऑफिसात आम्ही शहरांची वीज वाचवणारं सॉफ्टवेअर बनवायचो. आमची इमारतही तशीच होती. माणूस दिसला की दिवे लागायचे, खोली रिकामी झाली की थोड्या वेळानं बंद व्हायचे. नागपूरहून आलेल्या बाबांना हे सगळं मी एका शनिवारी ऐटीत दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि मीटिंग रूममधून निघताना भिंतीवर बटण शोधायला लागले.

"बाबा, बटणच नाहीये. आपोआप बंद होतो तो."

"होऊ दे ना. झाला की निघू."

आम्ही खोलीच्या काचेच्या दाराबाहेर थांबलो. पण बाबांना धीर कुठला! सारखं दार उघडून आत डोकावायचे, सेन्सरला माणूस दिसायचा आणि दिवा तसाच.

"तुमच्यामुळेच जळतोय तो!" मी वैतागून ओरडलो. तेव्हा कुठे ते पाठ करून उभे राहिले. दिवा बंद झाला. "चल आता," बाबा खुशीत म्हणाले.

ते नागपूरला परतल्यावर रोज फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, "निघताना दिवा बंद केलास ना?"

"झाल्यावरच निघालो, बाबा," मी सांगायचो. आणि ते खरं असायचं.