सर्वेवाल्याची चंची

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. तंबाखू कमी कशी होईल याच्या कामावर मला पाठवलं होतं, आणि मी अख्ख्या गावाला तंबाखू खाऊ घालून आलो!

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. बीए होऊन मी हिंगोलीत चपला झिजवत होतो. तेवढ्यात पुण्याहून एक संशोधक साहेब आले आणि त्यांनी मला टेम्पररी ठेवून घेतलं. काम चोख झालं तर परमनंट! आईनं तर पोरी बघायला सुरुवातसुद्धा केली.

साहेबांचं डोकं मोठं. तंबाखूचा भाव वाढला की माणूस किती कमी खातो, हे ते कागदावर रेघ ओढून दाखवणार. मग सरकारला सांगणार, भाव अजून एवढा वाढवा, म्हणजे एवढी माणसं आजारातून वाचतील. रेघेसाठी आकडे हवेत. ते आणणार कोण? अस्मादिक!

नरसीजवळचं एक गाव मिळालं. दर मंगळवारी तीच वीस घरं, आणि प्रश्न एकच: "दिवसाला किती चिमटी?"

पहिल्याच मंगळवारी पारावर गावातले वडीलधारे किसनबुवा भेटले. त्यांनी चंची सोडली, चुना लावून तंबाखू मळली आणि तळहात माझ्यापुढं धरला.

"घ्या."

"मी खात नाही," मी ताठ मानेनं म्हणालो.

"काहून? आमच्या हातची चालत न्हाई व्हय?"

झालं! हात मागं, तोंड बंद. त्या दिवशी वीसही घरांनी मला फक्त पाणी पाजलं.

मी काय कच्च्या गुरूचा चेला? पुढच्या मंगळवारी स्वतःचीच चंची घेऊन गेलो, गच्च भरून! आता आधी माझा हात पुढं. माणसं कशी घडाघडा बोलायला लागली म्हणता! निघताना उरलेली पारावरच ठेवून यायचो. देताना एखादी चिमूट आपणही तोंडात टाकावी लागे, पण ते काय खाणं झालं?

दोन महिन्यांनी तंबाखूचा भाव वाढला. साहेब रेघ खाली यायची वाट बघत बसले. आमची रेघ निघाली वर! मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार, पण साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"वाठोरे, भाव वाढल्यावर माणूस जास्त खातो? असं कुठंच होत नाही! मला ते गाव बघायचंय."

म्हटलं, परमनंट पक्कं!

मंगळवारी जीप पारापाशी थांबली. वीस घरं हजर, वर चार पाहुणे. साहेबांनी किसनबुवांना विचारलं, "बाबा, तंबाखू महाग झाली, तरी तुम्ही जास्त का खाता?"

"म्हाग झाली?" किसनबुवांनी डोळे मोठे केले. "आमाला काय म्हाईत, साहेब! आमी इकत घेतोय कुटं? ह्ये भाऊ घेऊन येऊन राहिलेत ना दर मंगळवारी! ह्यो माझा साडू बघा. दोन सालं सोडली होती त्यानं. आता कळमनुरीहून खास सर्वेसाठी येतो."

साडूनं मला अदबीनं रामराम केला. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला!

किसनबुवा थांबतात होय? त्यांनी हात जोडले. "एकच तकलीफ हाय, साहेब. पोरगं टेम्परवारी हाय म्हणतेत. त्याला परमनंट करा. सर्वे बंद पडला तर आमी काय करावं?"

सगळ्या पारानं माना हलवल्या.

परतताना अर्ध्या वाटेपर्यंत साहेब माझेच आकडे पुन्हा चाळत होते. नोकरी गेली, आईला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात. आणि एकाएकी साहेब हसायला लागले! असे हसले, असे हसले, की ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली.

"तुझ्यासाठी चिठ्ठी देतो," डोळे पुसत ते म्हणाले. "एका खात्यात विहिरी मोजायला माणूस हवाय, कायमचा. विहिरींना तू काही खाऊ घालणार नाहीस."

काय सांगू, जीव भांड्यात पडला! आनंदाच्या भरात मी चंची सोडली, तंबाखू मळली आणि रीतीप्रमाणं हात आधी साहेबांपुढं केला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग ती मीच दाढेखाली ठेवली.

साहेबांनी शांतपणे फॉर्म काढला, पेन उघडलं.

"वाठोरे, दिवसाला किती चिमटी?"