टिनाखालचे दोन झरोके

मोठ्या बहिणीची तेरवी आटोपून इंझोरीला परतलो, त्याला आता महिना होईल. तिच्याविषयी लिहायला बसलो की तिचं आजारपण आठवत नाही. आठवतो तो तिला पाहायला पाहुणे आले होते तो दिवस.

गावात अजून मोटार आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. फाल्गुनात वडिलांनी कवेलू उतरवून घरावर टिन चढवलं. गावातलं पहिलंच. माळ्याच्या दोन्ही टोकांना, आढ्याखाली, सुताराने तिकोनी झरोके सोडले होते. वडिलांनी ते दगडमातीने लिंपून टाकले.

"मालक, वाऱ्याले वाट ठेवा," सुतार म्हणाला.

"कायले? एवढं टिन घातलं, ते धूळ येऊ द्यायले काय?"

चैत्रात धनजचे पाहुणे आले, ऐन दुपारी. अंगणात लिंबाची दाट सावली होती, पण वडिलांनी त्यांना टिनाखालीच बसवलं. स्वतः कोटाची सगळी बटणं लावून बसले.

"टिन म्हणजे थंडगार," ते म्हणाले.

"थंडच हाय," मुलाचे वडील म्हणाले. त्यांच्या मिशीवरून घाम ठिबकत होता. पाहुण्याने घराला नावं ठेवली की सोयरीक मोडली, हे दोन्हीकडे ठाऊक होतं. मुलाच्या मामाचे डोळे पांढरे व्हायला आले होते, तरी त्यांनीही मान डोलावली.

बहिणीने पोहे दिले आणि मान खाली घालून पाटावर बसली.

"पोरी, सैपाक येते काय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"येते. पण पयले मले माळ्यावर जाऊ द्या. मामाले भोवळ येऊन राह्यली."

आणि मुसळ घेऊन ती शिडी चढली. धाडधाड आवाज झाला. मातीचा लपका अंगणात पडला.

"काय करून राह्यली वं?" वडील ओरडले. "सोयरीक मोडतं काय?"

"थांबा बाबा, दुसऱ्या अंगाचाबी फोडा लागते. आला वारा जाईन कुठून?"

वडील डोकं धरून बसले. दुसरा झरोका फुटला, आणि हळूहळू आमच्या डोक्यावरची धग हलली. मामा सावरून बसले, पोह्यांना लागले.

केसांत माती, जळमटं घेऊन बहीण पुन्हा पाटावर येऊन बसली, मान खाली. मुलाच्या वडिलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आमीबी औंदा टिन चढवलं," ते हळूच म्हणाले. "झरोके मीच लिंपले. तवापासून घरात माह्यासंगं कोणी बोलत नाई."

मुलीला विचारायचे बाकीचे प्रश्न राहूनच गेले. ते आमच्या वडिलांकडे वळले.

"मुहूर्त जवळचा निघते काय? उन्हाळा लय बाकी हाय."