शिक्का पुसट आहे

हे मी आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. दोन पानं झाली. वाचली तर सगळं फार शहाण्यासारखं वाटलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल असावं. ती पानं फाडली. आता मराठीत लिहिते आहे. माझं मराठी घरचं आहे, शाळेचं नाही, आणि त्यात मला लपायला जागा सापडत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आईला सांगितलेलं नाही. आणि बाबांना — नाही.

कुठून सुरुवात करू? बेल्टपासून करते.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या बेल्टवर आहेत. कोळसा त्या लांबलचक पट्ट्यावरून वर जातो. मध्येच पट्टा थांबला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि कुठं काय अडकलंय ते शोधायचं, हे बाबांचं काम. "बेल्ट थांबला का साहेब लोक फोन करतात, आमी चालतो," असं ते हसून सांगतात. आणि चालता चालता सापडतंच, असंही सांगतात. चालायला कंटाळणाऱ्यालाच फक्त सापडत नाही.

मी शिकले ते शहरातल्या सिस्टरांच्या शाळेत. त्या प्रवेशासाठी बाबा कितीदा त्यांच्या व्हरांड्यात उभे राहिले ते मला माहीत आहे. शाळेत मीनल नावाची मैत्रीण मिळाली. तिनं एकदा विचारलं होतं, तुझे वडील काय करतात? पॉवर स्टेशनमध्ये आहेत, मी म्हटलं. इंजिनियर? तिनं विचारलं. मी हसले. बस, एवढंच. लाजाळू मुलीच्या हसण्याचा अर्थ समोरचा आपल्याला हवा तसा लावतो. हे खोटं बोलणं झालं का? तेव्हा मला वाटायचं, नाही झालं.

ते हसणं मी कॉलेजात घेऊन गेले. मीनलही माझ्याच वर्गात होती.

पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म आला. बाबांनी तो रात्रपाळीहून आल्यावर, अंघोळ करून, पाटावर बसून भरला. आधी पेन्सिलनं आणि मग वरून शाईनं. खिडकीवर जे बाबू बसायचे त्यांना मुलं त्रुटीबाबू म्हणायची. फॉर्म हातात घेतला की उघडायच्या आधीच ते म्हणायचे, त्रुटी आहे. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असायचा, त्यामुळे मान वर करून बोलायचे. माझा फॉर्म त्यांनी उघडला, पाहिला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नुसतं बौद्ध लिहून भागत नाही बाई. आधी कोण होते ते पायजे. वडलांच्या शाळेचा दाखला आणा."

शेजारच्या रांगेत मीनल उभी होती, लायब्ररीच्या कार्डासाठी. तिनं ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. पण मी त्या क्षणापासून वागले ती तिनं ऐकलंच असेल या भीतीनं आणि नसेल ऐकलं या आशेनं — दोन्ही एकदम.

आता तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी सावनेरजवळचं आपलं गाव सोडलं. आधीच्या जातीचं नाव आमच्या घरात उच्चारायचं नाही, हा त्यांचा नियम. रागावून केलेला नव्हे. एकदा सोडलं ते सोडलं, इतकंच. मीही तो शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. इथंही लिहीत नाही. आणि बाबांचा शाळेचा दाखला त्या गावातच होता. त्या शाळेच्या रजिस्टरात, त्या शब्दासकट.

मी घरी सांगितलं. दोनतीन दिवस गेले. मग सुट्टीच्या दिवशी पांढरा बुशशर्ट घालून निघाले. विहारात जाताना घालतात तो. संध्याकाळी दाखला घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. ठीक झालं, म्हणाले. बाकी ते मला नाही, आईला सांगत होते. मध्ये नुसता पडदा होता. शाळेच्या ओट्यावर जुन्या पाटलाचा मुलगा बसला होता म्हणे. त्यानं विचारलं, "कोनाचा गा तू?" बाबांनी वडिलांचं नाव सांगितलं. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. पूर्ण सांग म्हणाला. मग बाबांनी तो शब्द म्हटला. उभं राहून. एवढ्या वर्षांनी.

"पोरीसाठी म्हटला," ते आईला म्हणाले. "जीभ काही झिजली नाही."

आई दोरीवरचे कपडे झटकत राहिली. आमच्याकडे, वीज केंद्राच्या कॉलनीत, वाळलेले कपडे राख झटकल्याशिवाय घडी घालता येत नाहीत.

मी हे सगळं ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

फॉर्म द्यायच्या दिवशी मी खिडकीपाशी गेले. रांग लांब होती. त्रुटीबाबू एकेकाचं नाव आणि वर्ग मोठ्यानं वाचून फॉर्म घेत होते. मीनल कँटीनच्या दाराशी उभी राहून मला हात करत होती. मी — मी रांगेतून बाहेर आले. उद्या देऊ, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रांग होती, तिसऱ्या दिवशी रांग नव्हती पण कॉरिडॉरमध्ये मुली होत्या. मुदत संपली तेव्हा फॉर्म माझ्या पिशवीत होता, दाखल्यासकट.

हीच माझी चूक, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं. इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांनी विचारलं, झालं का मंजूर? मी म्हटलं, परत आला. काहून? मला काहीतरी उत्तर हवं होतं. त्या क्षणी तोंडात जे आलं ते मी म्हटलं: शिक्का पुसट आहे.

मला वाटलं, ते कंटाळतील. जाऊ दे म्हणतील. मी त्यांची मुलगी, आणि मला एवढंही माहीत नव्हतं? बेल्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारा माणूस तो. पुढच्या सुट्टीला पांढरा बुशशर्ट घालून पुन्हा त्या गावाला गेले. पुन्हा त्या ओट्यापाशी. या वेळी तिथं कोण होतं, त्यांना काय विचारलं, हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही. दाखला आणला, त्यावरचा शिक्का जांभळा, ठसठशीत. हेडमास्तरांना दोनदा दाबायला लावला म्हणाले. तो कागद मला दाखवताना ते खूश होते. पहिला प्रवास खरा होता. त्यांना तो करावाच लागला असता. हा दुसरा मी करायला लावला. शिक्का पहिल्यापासून स्वच्छ होता.

आई बाहेर गेली होती त्या दुपारी मी दोन्ही दाखले आणि फॉर्म शेगडीत घातले.

मग मी म्हटलं, फॉर्म दिला. मग म्हटलं, अजून आलं नाही. दर आठवड्याला काहीतरी. तुम्ही कधी असं खोटं बोलला आहात का, ज्याला रोज खायला घालावं लागतं? मला अभ्यास सुचत नव्हता. बसमध्ये खिडकीशी बसून मी उद्याचं वाक्य जुळवत असायची. बाबा दुसऱ्यांच्या रविवारच्या ड्युट्या करून फी भरत होते आणि मी वाक्यं जुळवत होते.

एक दिवस ते स्वतःच कॉलेजात आले. मला न सांगता. मी कॉरिडॉरमध्ये मीनलबरोबर उभी होते. समोरून तो पांढरा बुशशर्ट येताना दिसला. त्यांनी मला पाहिलं. माझ्याशेजारी कोण आहे तेही पाहिलं. आणि मला हाक न मारता, अनोळखी माणसासारखे, जवळून निघून गेले.

त्यांना किती आधीपासून कळलेलं होतं? माझी लाज त्यांना दिसत होती, खोटं दिसत नव्हतं. हे कसं शक्य आहे? पण तसंच होतं. आणि त्या वेळी मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं.

खिडकीपाशी चाललेलं सगळं मला ऐकू येत होतं. त्रुटीबाबूंनी रजिस्टर चाळलं आणि या नावाचा फॉर्म आलेलाच नाही म्हणाले. आलेलाच नाही तर परत कसा जाईल? बाबा शांतपणे म्हणाले, "माही पोरगी खोटं बोलत नाही, साहेब."

"मंग मी बोलून राहिलो का?"

"ते मले नाही माहीत. पोरीचं माहीत आहे."

माझ्या आणि त्या खिडकीच्या मध्ये दहाबारा पावलं असतील. मी ती चालले नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी मला कागद आणायला सांगितलं. प्रिन्सिपलांना तक्रार करायची, इंग्रजीत. "अशी इंग्रजी लिही," ते म्हणाले, "का त्यायले डिक्शनरी काढा लागली पायजे." हसत होते. मुलीला एवढं शिकवल्याचा पहिल्यांदा उपयोग होत होता. आई म्हणाली, "जेवून घे वं आधी." मी म्हटलं, नको, लिहून टाकते.

आणि मी लिहिलं.

इथं यायचं होतं मला. एवढा वेळ इथंच यायचं टाळत होते. कुणी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. एका माणसानं न हरवलेला फॉर्म हरवला, गरीब विद्यार्थिनीशी उद्धटपणे वागला, आमच्या समाजाबद्दल त्याच्या मनात आकस आहे — हे सगळं मी लिहिलं. सिस्टरांनी शिकवलेल्या स्वच्छ, वळणदार इंग्रजीत. उद्धटपणाचं खरं होतं. त्या दिवशी रांगेत ते मोठ्यानं बोलले ते मला लागलं होतं. ते खरं मी खोट्यावर चिकटवलं म्हणजे ते सगळंच खरं दिसेल. एक शब्द बरोबर बसेना तर मी खोडून दुसरा घातला. चांगला घातला. लिहिताना मला — हे सांगायलाच हवं — आनंद होत होता. लिहिणं जमत असल्याचा.

बाबांनी कार्बन कॉपीवर पोच घेतली. मग चौकशी झाली, मला बोलावलं नाही. अर्जातच सगळं होतं. त्रुटीबाबूंना खिडकीवरून काढून प्रयोगशाळेमागच्या भांडारात बसवलं. मोडक्या स्टुलांमध्ये. बाबा मात्र म्हणाले, त्या ऑफिसच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही, आपली फी आपण भरू. पुढची वर्षं त्यांनी ती तशीच भरली.

शेवटच्या वर्षी एकदा भांडारावरून जाताना त्यांनी मला थांबवलं. खर्रा सुटला होता बहुतेक, तोंड रिकामं होतं. आवाजही खाली आला होता. म्हणाले, "बाई, रागावू नका. फॉर्म माह्याच हातात दिला होता ना? मी सारं कपाट खाली करून पाहिलं हो."

तिथं कुणी नव्हतं. मीनल नव्हती, रांग नव्हती. भिण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "हो. तुमच्याच हातात."

ते स्टुलांकडे वळले. "मंग असंल," म्हणाले. "हरवला असंल माह्याकडून."

आता मी एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि अजून कॉलनीतच राहते. जूनमध्ये निकाल लागले की आमच्या ओट्यावर कॉलनीतले बाप येऊन बसतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन. बाबांना त्यातलं सगळं माहीत झालं आहे. कुठला दाखला कुठं मिळतो, कुठल्या टेबलावर अडतं, सगळं. कितीतरी मुलं त्यांच्यामुळे शिकली. पण आधी ते गोष्ट सांगतात. दरवेळी तीच. "पोच घेतल्याबिगर कागद सोडायचा नाही," अशी सुरुवात होते. मग सावनेरचं गाव येतं, पुसट शिक्का येतो, त्रुटीबाबू येतात. पाटलाचा मुलगा मात्र येत नाही, तो ते गाळतात. "माह्या पोरीनं दोनदा नेऊन देला फॉर्म. दोनदा. अन् बाबू म्हणते, आलाच नाही. विचारा हिले."

मी तोपर्यंत चहा घेऊन बाहेर आलेली असते. सगळे माझ्याकडे पाहतात. मी हो म्हणून मान हलवते.

परवाही हलवली.